जुन्या सर्व्हरचे नूतनीकरण

मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचे एदलाबाद. तापी-पूर्णेच्या संगमाजवळील या केळी-कापसाच्या मुलखातही पतसंस्था, शाळा व व्यापारी पेढ्या यांचे हिशेब आता वह्यांतून संगणकात गेले आहेत. संस्थेची सर्व माहिती एकत्र सांभाळणारा संगणक, म्हणजेच सर्व्हर, कोपऱ्यातील खोलीत वर्षानुवर्षे अखंड चालू असतो. त्यावर पुष्कळदा लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली असते. ती सहसा बंद पडत नाही आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी पाहत नाही.

परंतु लिनक्सच्या प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. सन २०१४ मध्ये आलेली सेंटओएस ७ ही विनामूल्य आवृत्ती फार लोकप्रिय झाली. तिची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. त्या दिवशी एकही यंत्र थांबले नाही. मात्र त्यानंतर आढळणाऱ्या सुरक्षाविषयक दोषांवर दुरुस्त्या मिळणे बंद झाले. ते दोष चोरांना कळत राहतातच.

‘चालते आहे, ते चालू द्या,’ असे संस्थाचालक म्हणतात. त्यामागे केवळ आळस आहे असे मानणे अन्यायाचे ठरेल. सेंटओएस ७ बरोबर पीएचपी ५.४ ही भाषा येत असे. त्या भाषेतील आज्ञावली डेटाबेसशी ज्या आज्ञांनी बोलत, त्यांपैकी काही डिसेंबर २०१५ मधील पीएचपी ७ मधून काढून टाकण्यात आल्या. साहजिकच नव्या यंत्रावर जुनी आज्ञावली मुकी होते.

मराठी नोंदींचा प्रश्न तर अधिक नाजूक आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, वेगळी सूचना न दिल्यास, अक्षरे लॅटिन-१ या युरोपीय लिप्यांच्या संकेतानुसार साठवली जात. युनिकोड हा मूळ संकेत २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून झाला. जुन्या यंत्रात लिहिणारा व वाचणारा दोघेही एकच चूक करीत, म्हणून पडद्यावर देवनागरी बरोबर उमटे. स्थलांतरात हा मेळ तुटला, की ‘कोथळी’ या गावाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. नावगाव वाचता आले नाही, तर कर्जखाते कोणाचे?

यावर उपाय रंगीत तालमीचा. चालू सर्व्हरला हात न लावता त्याची संपूर्ण प्रत काढावी आणि ती खरोखर उघडते, हे पाहावे. दुसऱ्या यंत्रावर अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स वा डेबियन यांची चालू मुदतीची आवृत्ती नव्याने बसवून त्यात ही प्रत उतरवावी. गेल्या महिन्याचे हिशेब दोन्हीकडे काढून पै-पैचा ताळा घ्यावा. आपल्या सभासदांची नावे नव्या पडद्यावर वाचली, की नाखूश चालकाचा विरोध बराच मावळतो. व्याख्यानाने तसे होत नाही. अंतिम बदल सुट्टीच्या दिवशी करावा, मार्चअखेरीस मुळीच नाही. जुने यंत्र काही महिने जपून ठेवावे, पण त्याची जाळ्याशी असलेली जोडणी तोडावी. प्रणाली विनामूल्य असली, तरी जाणकाराच्या श्रमांना पैसे पडतात, हे आधीच सांगितलेले बरे.

केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते आणि यंत्रातील व्यवहारांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. विस्मृतीत गेलेल्या सर्व्हरवर हे दोन्ही जमणे कठीण.

अल्मालिनक्स ९ ची सुरक्षा-मुदत ३१ मे २०३२ पर्यंत आहे. ती तारीख कागदावर लिहून सर्व्हरवरच चिकटवावी.