आफ्रिकेतील जागतिक वारसास्थळांचे संरक्षण

आफ्रिका खंडातील सांस्कृतिक व नैसर्गिक वारसास्थळांचे संरक्षण प्रामुख्याने युनेस्कोच्या १९७२ सालच्या जागतिक वारसा कराराच्या चौकटीत होते. या कराराची पार्श्वभूमीही काही अंशी आफ्रिकेतच घडली. ईजिप्तमधील आस्वान उच्च धरणामुळे अबू सिंबेल येथील मंदिरे जलाशयात बुडणार होती. युनेस्कोने १९६० साली आवाहन केल्यानंतर, १९६४ ते १९६८ या काळात ती कापून मूळ जागेपेक्षा सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारण्यात आली.

१९७८ सालच्या पहिल्या यादीतील १२ स्थळांपैकी तीन आफ्रिकेतील होती : सेनेगलमधील गोरे बेट आणि इथियोपियातील लालिबेला व सिमियन राष्ट्रीय उद्यान. तरीही आज सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेचा यादीतील वाटा एक-दशांशाहून कमी आहे; धोक्यातील वारशाच्या यादीत मात्र तो बराच मोठा आहे. नामांकनासाठी लागणारे सविस्तर दस्तऐवज व व्यवस्थापन आराखडे तयार करणे खर्चिक असते. त्यासाठी २००६ साली आफ्रिकी जागतिक वारसा निधी स्थापन झाला. त्याचे कार्यालय दक्षिण आफ्रिकेत आहे. ५ मे हा आफ्रिकी जागतिक वारसा दिन म्हणून पाळला जातो.

पुनर्बांधणी

आफ्रिकेतील अनेक वास्तू माती, लाकूड व गवताच्या आहेत. त्या नियमित डागडुजीवरच टिकतात; मालीतील जेन्ने येथील मशिदीला नगरवासी दरवर्षी एकत्र येऊन मातीचा गिलावा देतात. त्यामुळे येथे मूळ साहित्याइतकेच ते हाताळण्याचे ज्ञान महत्त्वाचे ठरते. टिंबक्टू येथे २०१२ साली सशस्त्र गटांनी संतांच्या १४ समाध्या पाडल्या. स्थानिक गवंड्यांनी पारंपरिक पद्धतीने २०१५ पर्यंत त्या पुन्हा बांधल्या. या विध्वंसाबद्दल अहमद अल् फकी अल् महदी याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ साली नऊ वर्षांची शिक्षा सुनावली. युगांडातील कासुबी येथे बुगांडाच्या राजांची गवताने शाकारलेली समाधी २०१० साली आगीत भस्मसात झाली. पुनर्बांधणीनंतर २०२३ साली हे स्थळ धोक्याच्या यादीतून वगळण्यात आले.

नैसर्गिक स्थळे

पाडलेली भिंत पुन्हा बांधता येते; नष्ट झालेल्या प्राणिजातीचे तसे नाही. काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील विरुंगा राष्ट्रीय उद्यान १९९४ पासून धोक्याच्या यादीत आहे. रवांडातील वंशसंहारानंतर आलेल्या निर्वासितांनी सरपणासाठी तेथील जंगल तोडले होते. पर्वतीय गोरिलांचे आश्रयस्थान असलेल्या या उद्यानात आजवर दोनशेहून अधिक वनरक्षकांचा बळी गेला आहे. याच देशातील सालोंगा उद्यान १९९९ ते २०२१ या काळात धोक्याच्या यादीत होते. स्थिती सुधारल्यावर ते वगळण्यात आले.

गारांबा उद्यानाचा अनुभव याच्या उलट आहे. १९८४ साली ते उत्तरी पांढऱ्या गेंड्यांसाठी धोक्याच्या यादीत आले. गेंड्यांची संख्या वाढल्याने १९९२ साली त्याला यादीतून वगळण्यात आले, परंतु शिकार व सशस्त्र संघर्षामुळे १९९६ साली ते पुन्हा यादीत दाखल झाले. तेथील गेंडे पुढे नामशेष झाले. या उपजातीच्या आता केवळ दोन माद्या उरल्या असून त्या केनियात संरक्षणाखाली आहेत.