बंद पडलेल्या जावाचा श्वास

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारसायकलच्या इंजिनाविषयी लिहावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. दीड वर्षापूर्वी मलाही पान्हा आणि पक्कड यांपलीकडे कोणत्या हत्याराचे नाव ठाऊक नव्हते. पण आमच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची १९६८ सालची जावा गोणपाटाखाली उभी होती, आणि तिथे खोली बांधायची म्हणून वडिलांनी ती भंगारात द्यायचे ठरवले होते. पशुवैद्य असताना आजोबांनी याच गाडीवर तालुक्यातली गावे पालथी घातली होती. ते काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी शेडपर्यंत जाऊन परत आले, एवढेच. मी म्हटले, "बाबा, मी चालू करून दाखवतो." बाबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत दाखव. नाहीतर गाडी जाईल."

जावाचे मूळ चेकोस्लोव्हाकियातले. फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ साली कारखाना काढला. त्यांच्या नावातले 'या' आणि 'वांडरर' या जर्मन गाडीतले 'वा' मिळून हे नाव झाले. आपण त्याचा उच्चार जावा असा केला. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात या गाड्या होऊ लागल्या, पुढे त्या येझदी नावाने निघाल्या आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव बाजारात परत आले, पण ते इंजिन चार स्ट्रोकचे. आजोबांच्या गाडीचे दोन स्ट्रोकचे. बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, सिलिंडर एकच आणि सायलेन्सर मात्र दोन.

दोन स्ट्रोकच्या या इंजिनाला बुलेटसारखे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन वर जाताना माथ्यावरचे मिश्रण दाबतो, आणि त्याच वेळी खाली क्रँककेसमध्ये पोकळी होऊन कार्बोरेटरमधून नवे मिश्रण आत ओढले जाते. ठिणगी पडली की पिस्टन खाली येतो. येताना तो धूर जाण्याची वाट उघडी करतो, आणि क्रँककेसमध्ये दाबले गेलेले ताजे मिश्रण बाजूच्या वाटांनी वर चढते. म्हणजे क्रँककेस हा नुसता डबा नव्हे, तो भाता आहे. भात्याला भोक पडले तर लोहाराची भट्टी पेटत नाही. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले होते; त्याचा अर्थ मात्र पुढे ठेच लागल्यावर कळला.

पिस्टन गंजून अडकला होता. प्लगच्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल ओतून आठ दिवस ठेवले, मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हळूहळू पुढेमागे हलवले. नवव्या दिवशी ते बोटभर सरकले. घाईने किक मारली असती तर आतले दाते तुटले असते. उघडताना प्रत्येक नटबोल्ट निराळ्या डबीत ठेवून वर चिठ्ठी चिकटवली. ब्लॉक काढल्याबरोबर क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे. पिस्टन पिनचे लॉक निसटून आत पडले, तर सगळे इंजिन खोलावे लागते.

ब्लॉकमध्ये गंजाचे खड्डे होते. लेथवाल्याकडून तो बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घेतला. नवी रिंग आधी एकटी ब्लॉकमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजावी. या मापाच्या बोअरला ती पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. रिंगच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंगची टोके त्या पिनेवरच बसली पाहिजेत, नाहीतर ती फिरून ब्लॉकमधल्या वाटेत अडकतात आणि मोडतात.

दिवाळीला दहा दिवस असताना किक मारली. गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते, हे आजोबांनीच दाखवले. इंजिन चालू झाले! पण पाच मिनिटांतच सायलेन्सरमधून दाट धूर निघू लागला; ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा वेग उतरेना. शेवटी प्लगची वायर ओढून ते बंद केले. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकाकांनी येऊन एकच विचारले, "क्रँकची सील बदललीस काय?"

नव्हती बदलली. त्यासाठी क्रँककेस खोलावी लागते, आणि वरून ती घासूनपुसून इतकी लखलखीत केली होती की आत काही बिघडले असेल असे मनातच आले नाही. रबराची ती सील वर्षानुवर्षे सुकून दगड झाली होती. डायनामोच्या बाजूने वारा शिरत होता, म्हणून मिश्रण पातळ होऊन इंजिन तापत होते. क्लचच्या बाजूने गिअरचे तेल आत ओढले जाऊन जळत होते, तो धूर. आणखी चालवले असते तर नवा पिस्टनही धरला असता.

बाबांनी भंगारवाल्याला निरोप धाडायचे ठरवले. तेव्हा आजोबा पहिल्यांदा बोलले. "रोग कळलाय. आता जनावर सोडायचं नसतं."

दोन महिने मिळाले. पुलर मिस्त्रीकाकांकडून आणला. नवी बेअरिंग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली आणि क्रँककेस आईच्या जुन्या तव्यावर तापवली. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक फुगते, त्यामुळे बेअरिंग हातोडीवाचून जागेवर उतरली. लोण्याशेजारी बेअरिंग पाहून आई काय बोलली, ते येथे लिहीत नाही. दोन्ही सील नवी घातली. लिटरभर पेट्रोलला एरवी ४० मिलिलिटर तेल पुरते, ते पहिले काही दिवस ५० घातले. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला ओल धरते, म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवतो.

जानेवारीत तिसऱ्या किकला इंजिन लागले आणि ॲक्सिलरेटर सोडताच शांत झाले. आजोबा टाकीवर हात ठेवून बराच वेळ ऐकत उभे होते. मग म्हणाले, "प्लग काढून बघ. अजून जरा काळा जळत असेल." पाहिले, तर खरेच काळा होता.

खोली आता शेडच्या पलीकडे बांधली आहे. जुनी पोथी हाती आली की आधी तिची पाने तपासावीत, बांधणी मागाहून करावी, असे आमचे सर वर्गात सांगतात. ते मला समजले, ते असे, हाताला काळे लागल्यावर.