दोन खोल्यांचा संसार

मोठ्या शहरात सर्वांत दुर्मिळ वस्तू कोणती असेल, तर ती जागा. खेड्यातील घराला अंगण असते, परसू असते, माळा असतो. शहरातील कुटुंबाला मात्र बहुधा एक-दोन खोल्यांतच संसार थाटावा लागतो. मुंबईत वरळी, नायगाव, शिवडी इत्यादी भागांत १९२० नंतरच्या काही वर्षांत बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. त्यांतील एकेक खोली अवघी १६० चौरस फुटांची होती. तेवढ्या जागेत कित्येक कुटुंबांतील आठ-आठ, दहा-दहा माणसे राहत. सकाळी अंथरुणाच्या वळकट्या गुंडाळल्या, की निजण्याची खोली जेवणघर बनत असे. दुपारी तिथेच मुले अभ्यासाला बसत. भांड्यांना फळी, कपड्यांना दांडी आणि पिशव्यांना खुंटी, असा प्रत्येक वस्तूचा ठाव ठरलेला असे. जिला ठाव नाही, तिला घरात प्रवेश नसे.

अशा घरात राहणारा माणूस एक गोष्ट सहज शिकतो. कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी 'हिची आपल्याला खरोखर गरज आहे काय?' असे तो स्वतःला विचारतो. साधी राहणी हिलाच म्हणतात. साधेपणा म्हणजे कंजूषपणा नव्हे. कंजूष मनुष्य आवश्यक तेथेही खर्च करीत नाही; साधा मनुष्य आवश्यक ते घेतो, ते जपून वापरतो आणि अनावश्यक ते टाळतो.

परंतु मुलांनो, आपले घर केवळ चार भिंतींच्या आत सामावलेले असते काय? नळाचे पाणी, दिव्याची वीज आणि चुलीवरचा गॅस कोठून तरी दुरून येतो. आणि आपण बाहेर टाकलेला कचरा कोठे तरी जाऊन पडतो. म्हणून साध्या राहणीचा विचार करताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत : हे आले कोठून? आणि हे जाणार कोठे?

प्रथम पाण्याचेच पाहू. मुंबईला सात जलाशयांतून पाणी मिळते. त्यांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला. शहर वाढू लागले, तसे ते तलाव अपुरे पडू लागले. मग १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, पुढे अप्पर वैतरणा व भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा, अशी एकामागून एक धरणे शहराच्या कामी आली. आज मुंबईला दररोज कोट्यवधी लिटर पाणी लागते आणि त्यातील बहुतेक पाणी डोंगरांतून मैलोगणती मोठमोठ्या नळांनी व बोगद्यांतून आणावे लागते.

तानसा आणि भातसा ही धरणे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. परंतु त्याच तालुक्यातील कित्येक गावांना व पाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. स्त्रिया आणि तुमच्या वयाच्या मुलीदेखील डोक्यावर हंडे घेऊन दूरच्या विहिरीपर्यंत पायपीट करतात. आपल्या मोरीतून वाहून जाणारे पाणी त्यांच्या शिवारातून आलेले असते, हे आपण क्षणभरही विसरता कामा नये.

तर मग घरात काय करता येईल? नळ ठिबकत असेल, तर त्याखाली एक तासभर वाटी ठेवा. तासात २०० मिलिलिटर पाणी साचले, तर दिवसाकाठी जवळजवळ पाच लिटर पाणी वाया जाते, हे गणित तुम्हांला सहज करता येईल. नळातील झिजलेली चकती बदलण्यास खर्च फारच थोडा येतो. फवाऱ्याखाली उभे राहून स्नान करण्यापेक्षा बादली भरून घेतल्यास पाण्याचे मोजमाप आपल्या डोळ्यांसमोर राहते. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी कुंडीतील रोपांना घालावे. कपडे खळबळलेल्या पाण्याने फरशी पुसावी अथवा शौचकूप धुवावा.

आता उजेड आणि इंधन. महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग कोळसा जाळून निर्माण होतो. चंद्रपूर, कोराडी येथील औष्णिक केंद्रे यासाठीच उभारलेली आहेत. कोळसा जाळला म्हणजे धूर आणि राख आलीच. त्यांचा त्रास त्या परिसरातील लोकांना भोगावा लागतो आणि त्यापासून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू पृथ्वीचे तापमान वाढवितो. साठ वॅटचा जुना तारेचा दिवा रोज पाच तास लावला, तर महिन्याला नऊ युनिट वीज खर्च होते. जवळजवळ तितकाच उजेड देणारा नऊ वॅटचा एल.ई.डी. दिवा तेवढ्याच वेळात दीड युनिटही घेत नाही. स्वयंपाकातही अशीच काटकसर साधते. डाळ-कडधान्ये आधी भिजत घातली, भांड्यावर झाकण ठेवले आणि उकळी येताच आच मंद केली, तर गॅस बराच कमी लागतो. उकळत्या पाण्याचे तापमान मोठ्या आचेने वाढत नाही. पाण्याची वाफ मात्र अधिक होते.

दुसरा प्रश्न कचऱ्याचा. मुंबईतील देवनार येथे १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जाऊ लागला. साचता साचता तेथे कचऱ्याचे अक्षरशः डोंगर झाले. जानेवारी २०१६ मध्ये त्यांना मोठी आग लागली. ती अनेक दिवस धुमसत होती आणि तिचा धूर उपग्रहांनी घेतलेल्या छायाचित्रांतही दिसला. आजूबाजूच्या वस्त्यांतील मुलांना त्याच धुरात श्वास घ्यावा लागला. कचऱ्याला आग कशी लागते, असे तुम्ही विचाराल. भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न हे सारे ढिगाखाली दबले, की हवा न मिळता कुजते आणि त्यातून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू निघतो. एखादी ठिणगी पडली, की तो पेट घेतो.

हाच ओला कचरा हवा मिळून कुजला, तर त्याचे उत्तम खत होते. त्यासाठी शेत नको. खिडकीतील एक कुंडी अथवा भोके पाडलेली जुनी बादली पुरे. तळाशी वाळलेली पाने किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा पसरावा. त्यावर बारीक चिरलेला भाजीचा कचरा व मूठभर माती घालावी आणि पुन्हा वाळलेल्या पानांनी झाकावे. दोन-तीन दिवसांनी काठीने हलवावे. दुर्गंधी येऊ लागली, तर ओल अधिक झाली असे समजून आणखी पाने घालावीत. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत व मातीचा वास असलेले खत तयार होते. त्यात तुळस, पुदिना, कोथिंबीर चांगली येते.

प्लॅस्टिकची पिशवी मात्र कुजत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसाने पूर येणारच होता. परंतु प्लॅस्टिकने तुंबलेल्या गटारांनी पाण्याची वाट अडविली आणि संकट अधिकच बिकट झाले. पुढे २०१८ मध्ये महाराष्ट्रात अशा पिशव्यांवर बंदी आली. बंदी शासन घालते. परंतु बाजारात जाताना खुंटीवरची कापडी पिशवी आठवणीने उचलणे हे आपलेच काम आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी, फाटक्या सदऱ्याची पुसणी, वह्यांच्या कोऱ्या पानांची नवी वही या आपल्या घरांतील जुन्याच रीती आहेत. त्यांची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही.

'एका घराने बादलीभर पाणी वाचवून काय होणार?' असे कोणी म्हणेल. शंका योग्यच आहे. आपण वाचविलेले पाणी आपोआप शहापूरच्या पाड्यावर पोहोचत नाही. त्यासाठी तेथे नळयोजना व्हाव्या लागतात आणि त्या करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. तथापि, एक लाख घरांनी रोज पंधरा लिटरची एक बादली वाचविली, तर पंधरा लाख लिटर पाणी वाचते. शहराची मागणी वाढत गेली, की नवे धरण बांधण्याचा विचार होतो. पालघर जिल्ह्यातील गारगाई नदीवर असेच एक धरण योजिलेले आहे. धरण झाले, की काही गावांना आपली घरे सोडावी लागतात आणि जंगल पाण्याखाली जाते. शहरातील घरोघरची उधळपट्टी थांबली, तर असे प्रसंग कमी येतील, निदान लांबणीवर तरी पडतील.

तेव्हा मुलांनो, येत्या आठवड्यात एक लहानशी वही करा. घरात रोज किती बादल्या पाणी लागले, विजेच्या मीटरवर किती युनिट वाढले आणि कचऱ्याचा डबा किती भरला, याची नोंद ठेवा. सात दिवसांनंतर आईवडिलांसह ती वाचा आणि काय कमी करता येईल, ते सर्वांनी मिळून ठरवा. आजी घरी असतील, तर प्रथम त्यांचाच सल्ला घ्या. कारण यांतील पुष्कळशा युक्त्या त्यांना पूर्वीपासूनच ठाऊक असतात.