लेकीला परदेशी शिकायला पाठवताना: आधी हिशेब, मग होकार

बी.फार्म. झालेली लेक म्हणाली, "मला परदेशात फार्मास्युटिकल बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करायचंय," की घरात दोन आवाज उठतात. एक म्हणतो, "आता लग्नाचं बघा." दुसरा म्हणतो, "जमीन विकू, पण पाठवू." होकार असो वा नकार, त्याआधी माहिती हवी. आज तीच पाहू.

हे शिक्षण कसलं? आपण दुधाला विरजण लावतो आणि रात्रभरात बारीक जिवाणू दही करून ठेवतात. तसंच जिवंत पेशींकडून औषध बनवून घ्यायचं, हा या विषयाचा गाभा. मधुमेहाचं इन्सुलिन पूर्वी डुकरांच्या आणि गायींच्या स्वादुपिंडातून काढत. 1982 साली जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या इन्सुलिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली. आज कितीतरी लसी आणि कॅन्सरची काही औषधंही पेशींच्या मदतीनं तयार होतात. लसींचे मोठे कारखाने तर आपल्या पुण्यातच आहेत.

आता खर्च. उदाहरण जर्मनीचं घेऊ. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, सेमिस्टरला काहीशे युरो वर्गणी असते. मात्र बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो पडतात. म्हणून विद्यापीठ कोणत्या राज्यात आहे, ते आधी विचारा.

"फी नाही म्हणजे फुकट" असं मात्र समजू नका. व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे 11,904 युरो खास बंद खात्यात दाखवावे लागतात. युरो 100 रुपयांचा धरला तर हे जवळजवळ 12 लाख झाले. हे पैसे मुलीचेच असतात. तिथे गेल्यावर दरमहा 992 युरो तिला मिळतात. शिक्षण दोन वर्षांचं, तेव्हा दुसऱ्या वर्षाचीही सोय लागते. शिकताना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, पण प्रयोगशाळेचा अभ्यास सांभाळून. त्या कमाईवर सगळं गणित बांधू नका.

कर्ज काढायचं तर बँकेत तीन गोष्टी विचारा. तारण काय लागेल? साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात आणि शेतजमीन बऱ्याचदा चालत नाही. हप्ता कधी सुरू होईल? बहुधा शिक्षण संपल्यावर वर्षभरानं. मधल्या काळात व्याज किती चढेल? 12 लाखांवर 10 टक्के दरानं वर्षाला 1 लाख 20 हजार. मुलगी तिथे शिकत असते, इथे व्याज वाढत असतं. जमलं तर व्याज दरमहा भरत राहा.

शिष्यवृत्तीही आहे. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट असते. विनाफी विद्यापीठ त्या यादीत नसेल, तर शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणून यंदाची जाहिरात वाचूनच विद्यापीठ निवडा. इतर समाजघटकांसाठीही योजना आहेत, समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

शेवटी एजंट. जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना 2022 च्या नोव्हेंबरपासून 'एपीएस' नावाचं कागदपत्र तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. ते आणि विद्यापीठाचा अर्ज, दोन्ही मुलगी स्वतः ऑनलाइन करू शकते. 'डाड' या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमांची यादी फुकट मिळते. "प्रवेशाची हमी देतो, आधी लाखभर द्या" असं कुणी म्हणालं, तर उठून या.

अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी जर्मन भाषा इथूनच शिकायला लावा. पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष राहता येतं. त्या दीड वर्षात भाषा येणारीला दारं लवकर उघडतात.

तर मैत्रिणींनो, वही काढा. एका बाजूला खर्च लिहा, दुसऱ्या बाजूला पैसा कुठून येणार ते. लेकीला शेजारी बसवूनच लिहा, कारण कर्ज तिच्याही नावावर असणार आहे. गटाचा हिशेब आपण पैशापैशानं जुळवतो. लेकीच्या शिक्षणाचाही तसाच जुळवू.