इन्सुलिनचं पेन

जबलपूरच्या विजय नगरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं. एकदा गोठलं की फुकट गेलं. वापरातलं पेन मात्र तीसेक अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं. दुपारी वीज गेली तर ओला मातीचा माठ कामाला येतो. हा नुसता आजीबाईचा बटवा नव्हे, अशा भांड्यांतलं तापमान मोजून अभ्यास झालेले आहेत.

डेन्मार्कच्या नोवो कंपनीनं 1985 मध्ये पहिलं पेन आणलं. आजच्या पेनात 3 मिलिलिटरची कार्ट्रिज असते, म्हणजे 300 युनिट. मागचं चाक फिरवलं की खिडकीत आकडा दिसतो; टिकटिक मोजू नये, आकडाच वाचावा. नवी सुई लावून आधी 2 युनिट हवेत सोडायची, मग टोचून बटण दाबून धरायचं आणि सावकाश दहापर्यंत मोजायचं. घाई केली की औषधाचा थेंब कातडीवरच राहतो.

आपल्याकडची खरी गोची मापाची. बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला 40 युनिटचं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनातलं 100 युनिटचं. पेन अडलं म्हणून कुणी लाल सिरिंजनं कार्ट्रिजमधून दहाच्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात 25 युनिट जातात आणि साखर धाडकन उतरते. अशी दोन मापं एकाच दुकानात अजून का नांदतात, मला तरी कळत नाही.

पुढचं इन्सुलिन वेळेचं माप बदलतंय. आयकोडेक नावाचं नवं इन्सुलिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून हळूहळू सुटतं, म्हणून आठवड्यातून एकदाच टोचायचं. युरोपात त्याला मे 2024 मध्ये मान्यता मिळाली. टाइप 1 मधुमेहाच्या चाचणीत मात्र साखर फार उतरण्याचे प्रसंग रोजच्या इन्सुलिनपेक्षा जास्त दिसले, आणि आठवड्याचा डोस एकदा गेला की परत घेता येत नाही. साखर वाढली की जागं होणारं आणि उतरली की मंदावणारं इन्सुलिनही 2024 मध्येच ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलं, त्याचे प्रयोग उंदीर आणि डुकरांवरचे.

सुईला कंटाळलेल्यांचे डोळे अफ्रेझा या श्वासावाटे घ्यायच्या इन्सुलिनवर आहेत. नाकातल्या फवाऱ्याशी गल्लत नको, ही तोंडानं ओढायची पावडर. डिसेंबर 2024 मध्ये मुंबईच्या सिप्लाला ती भारतात विकायची परवानगी मिळाली. दमा किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार असेल तर ती चालत नाही, आणि टाइप 1 ला लांब पल्ल्याचं इन्सुलिन टोचावंच लागतं. शिवाय पावडर मिळते 4, 8 आणि 12 युनिटच्याच कुपीत. पेनात एकेक युनिट मोजता येतं.