पेटीतली भुतं आणि त्यांचा भाव

नागपुरात दिवाळीच्या सफाईला माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरली की घरात दोन पक्ष पडतात. आई म्हणते, "काहून जमवून राहिला हे? देऊन टाक ना रद्दीवाल्याला." पन्नाशीकडे झुकलेला मुलगा तोवर पेटीपुढे फतकल मारून बसलेला असतो. वरच्या थरात चांदोबाचे अंक, मधल्या थरात इंद्रजालचा वेताळ, आणि अगदी तळाशी राज कॉमिक्सची 'थ्रिल हॉरर सस्पेन्स' मालिका. कवट्या, कबरी, रक्ताचे ओघळ. तेव्हा आईची नजर चुकवून तळाशी सरकवलेली ती आजही तिथेच. मग घरातलं कुणीतरी मोबाइलवर तशाच एका कॉमिकची भलतीच किंमत शोधून दाखवतं, आणि रद्दीचं सोनं झाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत महालातून बर्डीपर्यंत जाते.

त्यानंतरच्या काही दिवसांत हौसेनं जे केलं जातं, ते वाळवीलाही जमलं नसतं. म्हणून पेटीला हात लावण्याआधी काही समजुती तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज १ : जितकं जुनं, तितकं महाग.

वस्तुस्थिती : वयाला कुणी पैसे मोजत नाही. पैसे मोजले जातात ते तीन गोष्टी जुळल्या तर: प्रती थोड्या उरलेल्या, हवी असणारी माणसं जास्त, आणि हातातली प्रत धडधाकट. १९३८ साली १० सेंटला विकलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. त्या अंकातून सुपरमॅन जन्मला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घरोघरची रद्दी गोळा झाली तेव्हा त्या काळातली असंख्य कॉमिक्स लगद्यात गेली. मागणी अफाट आणि माल मूठभर, असं ते गणित आहे.

भयकथांच्या दुनियेत याहून बोलकं उदाहरण आहे. १९५० ते १९५५ या काळात ईसी कॉमिक्सनं 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'सारखी मासिकं काढली. त्यांचा प्रकाशक विल्यम गेन्स प्रत्येक अंकाच्या डझनभर प्रती बांधून बाजूला ठेवायचा. काही दशकांनी ते गठ्ठे उघडले, तेव्हा त्या अंकांच्या उत्तमातल्या उत्तम प्रती त्यातच निघाल्या. अंक तेच, वयही तेच. फरक एवढाच, की या प्रतींना ऊन आणि हात लागले नव्हते.

गैरसमज २ : नेटवर लावलेली किंमत म्हणजे भाव.

वस्तुस्थिती : ती विकणाऱ्याची इच्छा असते. किंमत कुणीही कितीही लावावी, भाव तोच ज्याला माल खरोखर हातचा सुटला. लिलावाच्या संकेतस्थळांवर 'विकले गेलेले' असा वेगळा पर्याय असतो, तो निवडून पाहावा. संग्राहकांच्या समूहांत महिना-दोन महिने नुसतं बसून कुठला अंक कितीला गेला, हे वहीत टिपत जावं. एका अंकाच्या चार-पाच झालेल्या विक्री हाती आल्या की अंदाज बांधता येतो. एका विक्रीवरून बांधलेला अंदाज म्हणजे एका पावसावरून काढलेला पावसाळा.

गैरसमज ३ : नावात वेताळ आला, म्हणजे हॉरर.

वस्तुस्थिती : इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीनं मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. तिच्यातला वेताळ हा ली फॉकचा फँटम. जंगलात राहणारा, मुखवटा घातलेला, हाडामांसाचा माणूस. नाव तेवढं आपल्या भुताचं. चांदोबातला वेताळ मात्र खरा वेताळ, पण ते गोष्टींचं मासिक, कॉमिक नव्हे. खांद्यावर प्रेत टाकून निघालेल्या विक्रमाचं शंकर यांनी काढलेलं चित्र पाहून कितीही मुलं घाबरली असली, तरी संग्राहक त्याला वेगळ्या कप्प्यात ठेवतो.

हा शब्दांचा खेळ नाही. वेताळ गोळा करणारा आणि हॉरर गोळा करणारा ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. सगळं 'भुताची जुनी कॉमिक्स' म्हणून विकायला काढलं तर दोघंही पुढे निघून जातात.

आणि मराठी हॉरर कॉमिक्स? मराठीत भय मुख्यतः अक्षरांत राहिलं. नारायण धारपांच्या कादंबऱ्यांत, रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत, दिवाळी अंकांत. चित्रांतली भुतं नागपुरात आली ती बहुतेक हिंदी बोलत. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी असलेल्या या शहराला हिंदी परकी नव्हतीच. शाळेत मराठी आणि भाड्याच्या कॉमिक्समध्ये हिंदी, हे इथल्या कितीतरी मुलांचं बालपण. त्यामुळे संग्रह नागपूरचा असला तरी गिऱ्हाईक भोपाळ, दिल्ली, पाटण्यातही शोधावं. धारपांच्या जुन्या आवृत्त्या मात्र वेगळ्या काढाव्यात. त्यांचा वाचक पुण्या-मुंबईतही आहे.

गैरसमज ४ : हॉरर कॉमिक्सवर कायद्यानं बंदी आहे, तेव्हा उघड विकू नये.

वस्तुस्थिती : या समजुतीच्या मुळाशी खरा इतिहास आहे. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाच्या पुस्तकानं अमेरिकेत खळबळ उडाली. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, असा त्याचा दावा. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि हॉरर जवळपास संपलं. १९५५ मध्ये ब्रिटननं कायदा केला आणि १९५६ मध्ये भारतानंही 'तरुण व्यक्ती (हानिकारक प्रकाशने) अधिनियम' आणला. त्यात वीस वर्षांखालच्यांना बिघडवतील अशी, गुन्हा, क्रौर्य किंवा किळसवाणे-भयंकर प्रसंग रंगवणारी प्रकाशनं विकणं, भाड्यानं देणं गुन्हा ठरलं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत.

पण हा कायदा भुताच्या गोष्टीवरची सरसकट बंदी नव्हे. प्रकाशन एकूणात मुलांना बिघडवणारं असावं लागतं. हॉरर मालिका नव्वदच्या दशकात स्टेशनवरच्या स्टॉलवर उघड टांगलेल्या असायच्या, ते काही चोरून नव्हे. मोठ्या माणसानं स्वतःचा संग्रह बाळगावा, दुसऱ्या मोठ्या माणसाला विकावा, यात लपवण्यासारखं काही नाही. कोवळ्या पोराच्या हाती काय द्यायचं, एवढं तारतम्य पुरे.

गैरसमज ५ : कागद पिवळा आहे, म्हणजे पहिली आवृत्ती.

वस्तुस्थिती : स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. हवा आणि उजेड लागला की तो पिवळा पडतो. दहा वर्षांचं पुनर्मुद्रणही उन्हात राहिलं तर आजोबांच्या काळचं दिसतं. हिंदी कॉमिक्सची अडचण वेगळीच. बऱ्याच अंकांवर छपाईचं सालच नसतं, आणि चाललेला अंक पुन्हा पुन्हा छापला जायचा. म्हणून किंमत, क्रमांक, प्रकाशकाचा पत्ता आणि मागच्या पानावरची 'आगामी सेट'ची जाहिरात एकत्र वाचायची. जाहिरातीतले अंक हातातल्या अंकाच्या मानानं फार पुढचे असतील, तर ती पहिली छपाई नाही. अलीकडे राज कॉमिक्सची नवी पुनर्मुद्रणंही आली आहेत. फक्त गोष्ट वाचायची असलेला माणूस तिकडे वळतो आणि मध्यम अवस्थेतल्या जुन्या प्रतीचा भाव खाली येतो.

सोबत मिळालेलं फुकटचं स्टिकर आत तसंच असेल तर ते काढून फ्रिजला लावू नका. हरवायची वस्तू हरवली नाही, म्हणूनच तिला मोल. उलट कोडं सोडवलेलं पान, कापलेलं कूपन, भाड्याच्या दुकानाचा शिक्का, गायब झालेलं मधलं पान, हे सगळं भावातून वजा होतं. म्हणून विकण्याआधी प्रत्येक अंकाची पानं मोजावीत.

गैरसमज ६ : बाइंडिंग, लॅमिनेशन, सेलोटेप म्हणजे जपणूक.

वस्तुस्थिती : आपल्याकडचा सर्वांत मायाळू गुन्हा हाच. वर्षाचे अंक बाइंडरकडे नेले की तो कडा कापून एकसारख्या करतो आणि शिवताना आतला समास खातो. बांधलेला खंड टिकतो, वाचायलाही सोयीचा, पण सुट्या अंकाचा भाव त्याला येत नाही. म्हणून आधीच बांधलेला खंड उसवू नये आणि सुटा अंक बांधू नये.

लॅमिनेशन तर परत न फिरणारी वाट. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक निघत नाही. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. फाटलेलं फाटलेलंच ठेवावं, फारच सुटं झालं तर पाकिटात घालावं. पाकीट पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं. उग्र वास मारणाऱ्या मऊ पीव्हीसी फायली टाळाव्यात, त्यातली रसायनं शाईला चिकटतात. आत आधाराला आम्लरहित पुठ्ठा, आणि गंजू लागलेल्या पिनांवर लक्ष.

गैरसमज ७ : नागपूरची हवा कोरडी, इथे कागदाला काही होत नाही.

वस्तुस्थिती : नागपूरची हवा वर्षभर एक नसते, हाच घात. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि माळ्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, त्याहून जास्त. कागद ठिसूळ होतो, कडा चुरतात. त्याच दिवसांत घरात कूलर लागतो, आणि कूलर म्हणजे खोलीभर ओलावा. दुपारी खडखडीत, रात्री दमट. मग जूनमध्ये पाऊस. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांपलीकडे टिकली की बुरशी धरते. कागद फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो, आणि पिनेपाशी तुटतो.

उपाय महागडा नाही. माळा सोडायचा. बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं, जमिनीपासून वर असलेलं लोखंडी कपाट, कूलरच्या झोतापासून दूरच्या खोलीत. अंक आडवे, थोडे थोडे. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, त्याही ओल्या झाल्या की बदलायच्या.

डांबर गोळ्यांवर भिस्त नको. त्यांनी कसर बिचकते, पण बुरशीला त्या काही करत नाहीत, वाफ माणसाला बरी नव्हे, आणि कागदाला लागलेला वास गिऱ्हाईक पाकीट उघडताच ओळखतं. कडुनिंबाचा ओला पाला तर ओलावा आणि डाग दोन्ही आणतो. कीड लागल्याचा संशय असेल तर अंक प्लास्टिकमध्ये हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावेत. बाहेर काढल्यावर पूर्ण निवळेपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर कागदावर दव धरतं.

गैरसमज ८ : एकगठ्ठा विकला की सुटलो.

वस्तुस्थिती : गठ्ठा घेणारा पुढे विकण्यासाठी घेतो, तेव्हा त्याचा नफा तुमच्या भावातूनच जातो. वेळ नसेल तर तोही सौदा ठीक, पण यादी केल्याशिवाय नाही. क्रमांक, भाषा, पानं पूर्ण की नाही, दोष काय, एवढी यादी हाती असली की कुणी वरचे चार चांगले अंक उचलून बाकीच्यांना रद्दी म्हणू शकत नाही. चांगले अंक सुटे विकावेत, साधे संचात. ज्याच्या मालिकेत एकच अंक कमी आहे, तोच माणूस सर्वांत जास्त देतो.

फोटो दिवसाच्या उजेडात पण सावलीत, पुढून, मागून आणि पिनेपाशी. दोष आपणच सांगावा. संग्राहकांचं जग लहान असतं. एकदा लपवलेली फाटकी कड दहा वर्षं लक्षात राहते. अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या सीजीसीसारख्या संस्था १० पैकी दर्जा देऊन अंक प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. पण परदेशी पाठवणी, विमा, शुल्क मिळून होणारा खर्च बहुतेक हिंदी अंकांच्या भावाला झेपत नाही.

एक मोह टाळावा. अंक तुमचा असला तरी त्याचा कॉपीराइट तुमचा नाही. प्रत विकता येते. ती स्कॅन करून पीडीएफ विकता येत नाही.

हे सगळं झालं की पुन्हा त्या पेटीशी यावं. वरचा चांदोबा हाताळून मऊ झालेला असतो, मधला वेताळ भावाभावांच्या ओढाताणीत फाटलेला. बरे निघतात ते तळाचे हॉरर अंक. उजेड नाही, हात नाही, रात्री एकदा श्वास रोखून वाचले आणि परत खाली सरकवले. गेन्सनं जे जाणूनबुजून केलं, ते इथे आईच्या धाकानं झालं. विक्री झालीच, तर पहिला वाटा तिचा.