टिपणवही निवडण्यापूर्वीं

गेल्या दिवाळींत माळा आवरतांना तीर्थरूपांची १९५८ सालची चोपडी हातीं लागली. किराणा, मुलांचीं दुखणीं, दुरुस्तीचे खर्च. कडांना कसर लागलेली, तरी अक्षर न् अक्षर वाचतां येत होतें. आम्हीं नऊ वर्षें जपलेलीं टिपणें मात्र त्याच महिन्यांत नाहींशीं झालीं. तें ॲप बंद होणार अशी सूचना आली होती. आम्हीं ती वाचलीच नाहीं! आजारपणांत आईनें अंथरुणावरून सांगितलेलीं लोणच्यांचीं प्रमाणें त्यांत होतीं. आई आतां नाहीं.

तेव्हांपासून टिपणांसाठीं कोणतें ॲप घ्यावें असें कोणीं विचारलें, कीं आम्ही उलट विचारतों : आंत गेलेलें टिपण बाहेर कसें निघतें? एव्हरनोट २००८ सालीं सर्वांस खुलें झालें आणि लाखों लोकांनीं आपली स्मृति त्याच्या हवालीं केली. डिसेंबर २०२३ मध्यें फुकट वापरणारांस ५० टिपणें व एकच वही अशी मर्यादा पडली. जुनें वाचण्यास व उतरून घेण्यास मोकळीक राहिली, एवढें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे.

नोशनमध्यें तक्ते, याद्या उत्तम होतात, व घरच्या सर्वांस मिळून लिहितां येतें. परंतु मूळ प्रत कंपनीच्या संगणकावर राहते. ऑब्सिडियनची तऱ्हा निराळी. तेथें प्रत्येक टिपण म्हणजे आपल्याच संगणकावरील साध्या मजकुराची फाइल. ॲप उद्यां नाहींसें झालें तरी ती दुसरीकडे उघडते. टिपणें दुव्यांनीं एकमेकांस जोडण्याची सोयही त्यांत आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यांनीं क्रमांक घालून सुमारें ९०,००० चिठ्ठ्या अशाच जोडल्या होत्या, त्याही कागदावर! मात्र फोन व संगणक यांवरील प्रती जुळत्या ठेवण्यास कंपनीची सेवा विकत घ्यावी लागते, नाहीं तर स्वतः खटपट करावी लागते. बाजाराच्या यादीस गुगल कीप पुरे.

कांहींही घ्या, आधीं दहा टिपणें घालून तीं बाहेर काढून पाहा. जोडाक्षरें शाबूत आहेत का? छायाचित्रें, तारखा आल्या का?

धाकट्या बहिणीच्या जुन्या पत्रांत लिंबाच्या व मिरचीच्या लोणच्याचीं प्रमाणें सांपडलीं. तीं आतां साध्या फाइलींत आहेत, आणि एक प्रत तीर्थरूपांच्या चोपडींत ठेवली आहे. कैरीच्या लोणच्यांत आई मेथी किती घालीत असे, तें कोणासच आठवत नाहीं.